सुंदराचा घोळणा

भिसेगाव, १० मार्च १९४६

बाबा आज जेवताना म्हणाले, "कालेजातनं तुला कुणी हाकललं नाय, तू सोताहून आलास, एवढीच काय ती अब्रू." मी ताटावरून उठलो. मग आईनं पडवीत भाकरी आणून दिली. ती खाल्ली. भुकेपुढं राग टिकत नाही, हे लिहिताना लाज वाटते.

प्राध्यापकांना भर वर्गात खुर्चीचे गुलाम म्हटलं, यात माझं काय चुकलं? ते म्हणाले माफी माग. मी पुस्तकं बाकावर टाकली आणि पुणं सोडलं. त्याचं दुःख नाही. दुःख दुसरंच आहे. आमच्या घराला लागून असलेल्या विमलकाकींच्या सुंदराची सुपारी माघात फुटली आणि मी फाल्गुनात परत आलो. त्या प्राध्यापकानं महिनाभर आधी माझा अपमान केला असता तर!

नवरा खालापूरचा. वाल्मिक नाव. खोपोलीच्या वीजघरात नोकरी करतो. डोंगरावरून नळातून पाणी खाली कोसळतं आणि त्यावर यंत्रं फिरतात, तिथं. मी त्याला पाहिलेलं नाही. पाहायचंही नाही.

उद्यापासून आबाजीमामांच्या दवाखान्यात बसायचं ठरलं आहे. मामा घाटात गाड्या ढकलणाऱ्या इंजिनावर होते. त्या धडधडीत कान गेले, पण शेडमधल्या एका बंगाली फोरमनकडून होमिओपाथी शिकून आले. आता रोगी हळू बोलतात आणि मामांना ऐकू येत नाही. बाबा म्हणाले, "त्याला हाताखाली माणूस नको हाय, कान पायजे. तुझा आवाज तरी कामाला येऊ दे."

१४ मार्च

मामांचा धंदा मला थोतांड वाटत होता. साबुदाण्याहून बारीक गोळ्या, त्यांना औषधाचा नुसता वास. पण आज एक म्हातारी गुडघे घेऊन आली आणि मामांनी तिला गुडघ्यांबद्दल एक प्रश्न विचारून बाकीचे सगळे तिच्याबद्दल विचारले. उन्हात बरं वाटतं की सावलीत? कुणी समजूत घातली की रडू थांबतं की वाढतं? स्वप्नात काय दिसतं? म्हातारी आधी हसली, मग बोलत सुटली. तिचं प्रत्येक उत्तर मी मामांच्या कानात ओरडून सांगत होतो. शेवटी ती म्हणाली, "मला ह्ये कुणी कधी इचारलंच नाय."

मला कॉलेजात तरी कुणी विचारलं होतं? मी दिवसभर गप्प होतो. मामांना वाटलं, घसा बसला.

१९ मार्च



आज चंद्राबाई, म्हणजे वाल्मिकची आई, होळीची साडी घेऊन विमलकाकींकडे आली. हिरवी साडी. आमच्या पडवीतून सगळं दिसतं, म्हणून मी पडवीत होतो. सुंदरा पाया पडायला वाकली आणि तिच्या नाकातून टप्पकन रक्त साडीवर पडलं. मग धारच लागली. तिचा घोळणा उन्हाळ्यात फुटतो हे गल्लीला माहीत आहे, पण आजच्यासारखा नव्हे.

"आडवी करा तिला!" विमलकाकी ओरडल्या. मी कुंपणावरून उडी मारून गेलो. तिला उताणी निजवली, कुणी टाळूवर पाणी ओतलं, कुणी कांदा फोडून नाकाशी धरला. डोकं मागं धरायला माणूस हवा होता. ते मी धरलं. दोन्ही हातांनी, चांगलं मागं. खरं लिहितो: एवढं रक्त वाहत असताना माझ्या मनात होतं की तिचं डोकं माझ्या हातांत आहे. किती जड असतं माणसाचं डोकं! आणि किती ऊन.

रक्त बाहेर यायचं थांबलं. मी म्हणालो, "थांबलं!" सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. तेवढ्यात ती उठून बसली आणि भडभडून ओकली. काळंलाल रक्त. घंगाळभर वाटलं मला, तेवढं नसेल.

चंद्राबाई भिंतीला टेकली. तिनं पदर तोंडावर घेतला आणि विमलकाकींना एवढंच विचारलं, "हिचा बाप कशानं गेला व्हता?"

सगळ्यांना माहीत आहे. क्षयानं.

२१ मार्च

गावात एकच बोलणं. विहिरीवर सुंदराची कळशी उतरली की बायका सरकतात. जिनं कालपर्यंत सुंदराच्या मांडीवर आपलं मूल दिलं, तीच आज मूल उचलून नेते. सुंदराही कुणाला जवळ येऊ देत नाही. माझ्या आईनं ताक दिलं तर म्हणाली, "भांडं परत नको न्या काकी. फोडून टाका."

मी कुंपणापाशी जाऊन म्हणालो, "मला नाही भीती."

ती म्हणाली, "तुला कशाचीच नाय, गजादादा. म्हणून तर कालेज सुटलं."

दादा म्हणते ती लहानपणापासूनची सवय. सवयी सुटतात.

मला आज एक विचार आला आणि तो इथं लिहूनच ठेवतो. ते लोक लग्न मोडतील. मग तिला कोण करून घेईल? मी घेईन. क्षय असो, काही असो. तिच्या ताटात जेवेन. सगळा गाव बघत राहील.

२५ मार्च

विमलकाकी सुंदराला घेऊन मामांकडे आल्या. आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मामांनी सुरुवात केली. "पाणी गार लागतं की कोमट?"

सुंदरा पुटपुटली. मी मामांच्या कानात ओरडलो, "गार! माठातलं!"

"भूक?"

"मधेच लागते! सकाळी लवकर!"

"ताप? खोकला? अंगावरचं मांस कमी झालंय?"

"नाही! नाही! नाही!"

मामांनी मान हलवली. "रक्त फुटतं तेव्हा कशी असतेस? बसलेली?"

"आडवी! सगळे आडवी करतात!"

"हं." मामांनी बराच वेळ हनुवटी खाजवली. "आणि ओकारी? आधी कधी झाली होती?"

"नाही! पण आधी एवढा वेळ कुणी आडवं धरलं नव्हतं म्हणते!"

मग त्यांनी विचारलं, "मोठ्या आवाजाची भीती वाटते? गडगडाट? मेघ?"

ती बोलेना. दवाखान्याबाहेर माणसं बसलेली, माझा आवाज स्टेशनापर्यंत जाणारा. मी तिच्या जवळ वाकलो. ती अगदी हळू म्हणाली, "आधी वाटायची. आता पाण्याचा लई मोठा आवाज आसला की बरं वाटतं. माणूस समोर बोलत असतं, ऐकू काय येत नाय, नुसते ओठ दिसतात. तरी समदं कळतं."

हे मी ओरडून सांगितलं नाही. मामांना म्हणालो, "भीती नाही!"

पाण्याचा मोठा आवाज! गेल्या श्रावणात मी सुटीवर आलो होतो, उल्हास नदी दुथडी होती, आणि मी या काठावरून तिला ओरडून काही तरी विचारलं होतं. ती त्या काठावर धुणं धूत होती. तिला ऐकू आलं नव्हतं, पण तिनं वर पाहिलं होतं. म्हणजे तिला समजलं होतं. एका प्रश्नानं माणसाच्या आतलं दार उघडावं! आणि तो प्रश्न मामांनी पुस्तकातून वाचून विचारला.

औषध: फॉस्फरस. चार गोळ्या जिभेवर, कांदा-कापूर बंद. मी सांगितलं, रोज मी आणून देईन.

३० मार्च

घोळणा फुटला नाही. मामा म्हणजे ऋषी आहेत.

३१ मार्च

फुटला. दोनदा. पुन्हा आडवी केली, पुन्हा ओकली.

२ एप्रिल

खालापूरहून माणूस आला. ह्ये लगीन व्हायचं नाय, तुमची सुपारी तुमाला, असा निरोप. विमलकाकी उंबऱ्यातच खाली बसल्या. सुंदरा रडली नाही. तिनं हिरव्या साडीवरचा डाग धुवायला घेतला होता, तोच घासत राहिली.

मी मामांना जाऊन सगळं सांगितलं. माझ्या आवाजात आनंद आला असावा, कारण त्यांनी डोळे बारीक केले. म्हणाले, "गजा, माझ्या गोळ्या चालू ठेवायच्या तर ठेव. पण जिथून रक्त येतं ती जागा मी पाहिलेली नाही. माझ्याकडे ते बघायचं हत्यार नाही. तिला टिपणीस डॉक्टरांकडे ने."

"ते तर तुमच्या गोळ्यांना साखरदाणे म्हणतात!"

"म्हणू दे की. मीही त्यांना कसाई म्हणतो. पोरगी आधी बघू."

४ एप्रिल

टिपणीस डॉक्टर नुकतेच लष्करातून ब्रह्मदेशची लढाई करून आले आहेत. दात ओठ खाऊन बोलतात. त्यांनी आधी सुंदराची छाती पुढून मागून इतका वेळ ऐकली की विमलकाकी देवाचं नाव घ्यायला लागल्या. मग वजन, जीभ, डोळे. मग म्हणाले, "छातीत काही नाही. खात्री हवी तर मुंबईला फोटो काढा. पण रक्त ओकणाऱ्या माणसाचं आधी नाक बघावं, एवढी अक्कल कुणाला सुचली नाही?"

त्यांनी कपाळाला पट्ट्यानं एक गोल आरसा बांधला, मधोमध भोक असलेला. खिडकीतलं ऊन त्यावर पडलं आणि तिथून उडून थेट सुंदराच्या नाकपुडीत शिरलं. एवढंसं ऊन! चिमट्यानं नाकपुडी उघडून ते बघत राहिले. "ही बघा. सापडली चोरटी."

मी बाजूला उभा होतो. काय वाटलं कोण जाणे, ते म्हणाले, "मामांचा कान ना तू? ये, डोळाही हो." त्यांनी आरसा माझ्या कपाळावर बांधला.

मी पाहिलं.

नाकाच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढं, बोट पोचेल इतकं पुढं, लाल धाग्यांचं जाळं होतं. पिंपळाचं पान कुजून नुसती जाळी उरते ना, तसं, पण जिवंत. चार दिशांनी आलेल्या शिरा तिथं येऊन मिळत होत्या. मधोमध मोहरीएवढा ठिपका, आणि तो तिच्या नाडीबरोबर उडत होता. जिच्या चेहऱ्याकडे बघण्यात मी वर्षं घालवली, तिच्या आतलं मी पाहत होतो, आणि मला तिचा चेहरा आठवेना. मनात एकच होतं: हे कुणी विणलं?

"ही जागा सगळ्यांच्या नाकात असते," डॉक्टर म्हणाले. "व्हाइसरॉयच्याही. उन्हाळ्यात कोरडी पडते, खपली धरते, बोट लागलं की फुटते. आणि नाक कुठं जातं? वर? मेंदूत?"

मला तसंच वाटत होतं.

"सरळ मागं जातं, घशात. आडवं करून डोकं मागं धरलं की रक्त बाहेर दिसत नाही, पोटात जातं. पोटाला रक्त मानवत नाही. ते ओकतं. मग तुम्ही म्हणता क्षय. कोण शहाणा डोकं मागं धरून बसला होता?"

"मी," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. त्यांनी मला सुंदरासमोर बसवून शिकवलं: माणसाला बसवायचं, पुढं वाकवायचं, नाकाचा मऊ भाग दोन बोटांत धरून पाव तास घट्ट दाबायचा, तोंडानं श्वास, तोंडात आलेलं थुंकायचं. बस्स. कांदा नको, टाळूवर पाणी नको. मग त्यांनी औषधाच्या कापसानं जागा बधिर केली आणि चांदीच्या क्षाराचा मणी लावलेली काडी त्या ठिपक्याला टेकवली. लाल जागा डोळ्यांदेखत पांढरी झाली. सुंदराच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही. निघताना सांगितलं, रोज खोबरेल तेलाचं बोट आतून फिरव, आणि नाकाला नख लावू नको.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "म्हंजे मी मरत नाय, गजादादा?"

मी म्हणालो, "नाही."

एवढ्या मोठ्या प्रश्नाला एवढं छोटं उत्तर मी आयुष्यात दिलं नव्हतं.

९ एप्रिल

घोळणा एकदाही फुटला नाही. मामा म्हणतात फॉस्फरसनं रोगाचं मूळ पकडलं, डॉक्टर म्हणतात काडीनं. मी दोघांचेही पाय धरायला तयार आहे.

पण लग्न मोडलेलंच आहे. विमलकाकींनी दोनदा निरोप पाठवला. चंद्राबाई म्हणते, डॉक्टरला काय, तो सांगंल तसं. रगत मी माझ्या डोळ्यांनी बगितलंय.

म्हणजे ती बरी आहे, आणि मोकळीही आहे. आता मी बाबांना सांगायचं. मी दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "काय पायजे?" मी म्हणालो, "काही नाही."

का नाही सांगितलं? काल संध्याकाळी सुंदरा ओट्यावर बसली होती. मी काही तरी बोलत होतो, खूप बोलत होतो. ती माझ्या ओठांकडे बघतसुद्धा नव्हती. ती खोपोलीच्या डोंगराकडे बघत होती.

माझ्याकडे बघताना डोळ्यांवर ऊन येत असेल.

१२ एप्रिल

नाक सुजलं आहे, शर्ट गेला. क्रमानं लिहितो.

सकाळच्या गाडीनं खोपोली, तिथून चालत खालापूर. कशासाठी जातो आहे ते मला गाडीत बसेपर्यंत माहीत नव्हतं. चंद्राबाई अंगणात चिंचा फोडत होती. तिचा थोरला मुलगा पोपट बैलाला पाणी पाजत होता. मी नाव सांगितलं आणि एका दमात सगळं सांगितलं: आरसा, जाळं, काडी, नाक मागं जातं, रक्त पोटात जातं.

चंद्राबाई ऐकत होती. पोपट म्हणाला, "व्हय रं, नाकातनं पोटात? मंग उद्या कानातनं जेवशील."

"डॉक्टरांनी दाखवलं मला!"

"आणि तुला का येवढा पुळका? तू कोण तिचा?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "तुम्ही भित्री माणसं आहात! एका पोरीच्या नाकाला घाबरून शब्द फिरवता. मर्द असाल तर—"

बुक्की कधी आली ते दिसलंच नाही. मी तुळशीपाशी पडलो. नाकातून रक्ताची धार.

"अगं बाई! आडवा करा, आडवा करा त्येला!" चंद्राबाईच धावली. शेजारणी आल्या. कुणी तांब्या आणला. मी "नको, पुढं वाकवा" म्हणायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं राहिलं. वाटलं, देवानं एवढी सोय आणखी कशी करून द्यावी?

मी आडवा झालो. डोकं सगळं मागं टाकलं. टाळूवर पाणी पडत होतं आणि मी गिळत होतो. ऊन, खारट, तोंडात तांब्याचा पैसा धरावा तशी चव. मागच्या बाजूनं घशात उतरताना स्पष्ट कळत होतं; डॉक्टर म्हणाले तोच रस्ता, माझ्यात होता, जन्मापासून होता. सुंदरानं हे एकटीनं गिळलं होतं, आणि वर मी होतो, डोकं धरून, खूश.

"थांबलं बगा," एक शेजारीण म्हणाली.

मी उठून बसलो आणि अंगणभर ओकलो. काळंलाल.

चंद्राबाई किंचाळून मागं सरली. "ह्येला बी क्षय!"

"काकी," मी म्हणालो, तोंड पुसवेना, "पोपटरावांच्या बुक्कीनं क्षय होतो?"

बैल पाणी प्यायचा थांबला असं मला वाटलं. पोपट स्वतःच्या मुठीकडे बघत होता. चंद्राबाई हळूहळू पुढं आली, त्या रक्ताजवळ उकिडवी बसली, वाकून बघत राहिली. मग म्हणाली, "आस्संच व्हतं. रंग बी ह्योच." आणि थोड्या वेळानं, कुणालाच नाही, "आणि मी पोरीसमोर तोंडावर पदर घेतला."

माझं नाक अजून वाहत होतं. दाबायला हात उचलला, तर बोटं रक्तानं निसटत होती. तेवढ्यात कुणीतरी माझ्यासमोर गुडघे टेकले. पायघोळ खाकी विजार, हातांना यंत्राच्या तेलाचा वास. वीजघरातली पाळी संपवून सायकलीवरून आलेला. तो दारातच उभा राहून सगळं ऐकत होता म्हणे.

"कुठं धरायचं?" त्यानं विचारलं.

मी दाखवलं. त्यानं दोन बोटांनी माझं नाक धरलं. एवढ्या मोठ्या चाकांवर काम करणारा माणूस, पण त्याची बोटं! दाब होता आणि दुखत नव्हतं. एका हातानं त्यानं माझी मान पुढं वाकवली. आमची तोंडं वीतभर अंतरावर होती. मी त्याला इतक्या दिवसांत मनात किती वेळा मारलं होतं. आता नाक त्याच्या हातात होतं आणि हलताही येत नव्हतं.

मला वाटलं, तो विचारेल, खरंच क्षय नाही ना? डॉक्टर चांगला आहे ना? पोरं होतील ना?

तो आवाज खाली आणून म्हणाला, "ती काडी लावली तवा... लई दुखलं का तिला?"

मी नाकात म्हणालो, "डोळ्यांत पाणी आलं. पण हलली नाही."

त्यानं मान हलवली, जणू हे त्याला आधीच माहीत होतं. मग आईकडे न बघता म्हणाला, "आये, परवा भिसेगावला जाऊ."

"जाऊ रं बाबा," चंद्राबाई म्हणाली. "मीच जाती. पाया पडती तिच्या."

रक्त थांबलं होतं. मला आतून कळलं होतं, मघाशीच.

"सोडू का?" वाल्मिकनं विचारलं.

मी म्हणालो, "थोडं धर अजून."